गुरुजी कोणाचे?

पटसंख्या वीस किंवा त्याहून कमी असलेल्या शाळा एकत्र करून त्यांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव पाठवावेत, असे पत्र राज्याच्या शिक्षण खात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांना धाडले. त्या वेळी अशा शाळांची संख्या राज्यात चौदा हजारांच्या वर होती आणि त्यांत शिकणारी मुले पावणेदोन लाखांहून अधिक होती. विरोधाचा सूर उमटताच, शाळा बंद करण्याचा आपला हेतू नाही, असा खुलासा सरकारकडून झाला. खुलासा झाला, पण ज्या विचारातून ते पत्र निघाले तो विचार काही कोणी मागे घेतला नाही. एका मुलामागे किती रुपये पडतात आणि दोन शिक्षकांचा पगार किती मुलांवर वाटला जातो, असा तो विचार आहे. दुकानाचा हिशेब म्हणून त्यात चूक काढता यायची नाही. प्रश्न असा की शाळा हे दुकान आहे काय? आणि नसेल, तर ती कशासाठी आहे, याचे उत्तर आपल्या समाजाने स्वतःशी तरी कधी नीट दिले आहे काय?

हा प्रश्न तत्त्वचर्चेत हरवून जाऊ नये म्हणून तो एखाद्या जिल्ह्याच्या मातीवर उभे राहून विचारणे बरे. त्यासाठी आम्ही भंडारा जिल्हा घेतो. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यापासून तो सात तालुक्यांपुरता उरला आहे. तुमसरची धानाची बाजारपेठ, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, भंडारा शहराची पितळी भांडी, आंधळगावचे कोशाचे कापड ही त्याची बाहेरच्या जगाला असलेली ओळख. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील साक्षरांचे प्रमाण शंभरात सुमारे ८४, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित वरच भरले. सरकारी अहवालाच्या भाषेत भंडारा हा शिक्षणात मागासलेला जिल्हा नव्हे. शिक्षणाच्या हेतूची परीक्षा येथे घ्यायची ती याच कारणासाठी.

कारण याच जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्या गावात भोतमांगे या दलित शेतकरी कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. वडील भैय्यालाल तेवढे वाचले. वाद जमिनीचा आणि वाटेचा होता, असे सांगितले गेले. परंतु जमीन स्वतः कसणारे, मुलांना हट्टाने शिकवणारे आणि कोणापुढे मान न वाकवणारे हे कुटुंब गावाच्या डोळ्यांत खुपत होते, हे त्या वादामागचे खरे कारण कोणाला नाकारता येईल? २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांचा कारावास दिला. अत्याचार प्रतिबंधक कायदा या हत्यांना लागू होत नाही, असेच मत दोन्ही न्यायालयांनी धरले. त्या मताशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. परंतु आजचा आमचा विषय न्यायालय नसून शाळा हा आहे.

त्या जमावातील बहुतेकांनी केव्हा ना केव्हा कोणत्या तरी शाळेची पायरी चढली असणारच. त्यांनी बाराखडी गिरवली असेल, पाढे म्हटले असतील, सारे भारतीय माझे बांधव आहेत ही प्रतिज्ञा रांगेत उभे राहून वर्षानुवर्षे उच्चारली असेल. साक्षरतेच्या आकड्यात त्यांचीही गणना झाली असेल. मग या सर्व पाठांमधून त्यांच्या हाती काय लागले? शिकू पाहणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलीविषयी कौतुक वाटण्याऐवजी द्वेष वाटावा, हे शिक्षण की शिक्षणाचा अभाव? गुन्हेगारांचा निवाडा न्यायालयाने केला. परंतु ज्या शाळांनी अक्षरे शिकवली आणि माणूसपण शिकवायचे राहून गेले, त्यांचा निवाडा आपण सर्वांनी मिळून करावयाचा आहे.

याच मतदारसंघाचा आणखी एक इतिहास समाजवादी चळवळीने विसरता कामा नये. १९५४ मध्ये भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. ज्यांनी राज्यघटना घडवली त्यांना या मतदारसंघाने घरी पाठवले. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. समाजवादी उमेदवाराला मत देणाऱ्या अनेकांचे दुसरे मत बाबासाहेबांपर्यंत पोहोचले नाही, हा निकालाचा सरळ अर्थ आहे. हाती मतपत्रिका आली होती, पण मनातील जात गेली नव्हती. कायद्याने दिलेली समता मनात उतरवण्याचे काम कोणते तरी खाते करते काय? ते काम शाळेचे आहे, आणि शाळेत ते करणारा माणूस एकच, शिक्षक.

शिक्षणाचा हेतू काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे त्यांनी आयोगाला सुनावले. प्राथमिक शिक्षण ठराविक वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. परंतु आज अधिक लक्षात घेण्याजोगा आहे तो त्यांचा शिक्षकाविषयीचा विचार. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, तो लोकांत मिसळणारा असावा, प्रसंगी नांगराला वा सुताराच्या हत्याराला हात लावण्याची त्याला लाज वाटू नये, असे त्यांनी म्हटले. त्याच्या पगारात वाढ मागितली. एवढेच नव्हे, तर गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल सांभाळणे अशी कामेही मोबदला देऊन शिक्षकाकडे सोपवावीत, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, असे सुचवले.

या सूचनेतील मर्म आजच्या राज्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे. शिक्षकाने वर्गाबाहेर काही करूच नये, असे जोतीरावांचे म्हणणे नव्हते. गावाला ज्याची गरज आहे ते काम त्याने करावे, त्याचा मोबदला त्याला मिळावा आणि त्यातून त्याची प्रतिष्ठा वाढावी, असे त्यांचे म्हणणे होते. आजचा शिक्षक वर्गाबाहेर कितीतरी कामे करतो. मात्र त्यांतील फारच थोडी गावाची असतात. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, हरेक उपक्रमाचे छायाचित्र, एकच माहिती चार ठिकाणी भरण्याचा उद्योग ही सारी कामे वरिष्ठ कार्यालयाची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य कामांना शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ज्या सरकारने तो पाळायचा, त्याच्याच कचेऱ्यांतून रोज नवा तक्ता येतो. जो शिक्षक गावाचा सल्लागार व्हायचा तो असा कचेरीचा कारकून झाला आहे.

बरे, या कारकुनाला तरी सन्मानाने वागवले काय? २००० साली महाराष्ट्र सरकारने शिक्षणसेवक ही योजना आणली. प्राथमिक शाळेवर नव्याने लागलेल्या शिक्षकाने तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपयांच्या मानधनावर राबावे, अशी ती योजना. ते मानधन सोळा हजारांवर यायला २०२३ साल उजाडले. २०१२ नंतर कित्येक वर्षे तर शिक्षकभरतीच रोखून धरण्यात आली. पदविका घेतलेली मुले वय निघून जाईपर्यंत वाट पाहत राहिली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, ही १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाची शिफारस. महाराष्ट्राचे जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६८ च्या धोरणाने ती मान्य केली आणि २०२० च्या धोरणाने तिचा पुनरुच्चार केला. मधल्या काळात किती सरकारे आली आणि गेली. सहा टक्के काही आले नाहीत. मग छोट्या शाळा परवडत नाहीत, हे सांगण्याचा अधिकार कोणाला उरतो?

अर्थात, पैसा पुरेसा आला आणि शिक्षक नेमले गेले तरी शिकवायचे काय, हा प्रश्न राहतोच. भंडारा जिल्हा त्याचेही उत्तर देऊ शकतो. गावोगाव असलेले तलाव ही या जिल्ह्याची फार मोठी शाळा आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने आपल्या कौशल्याने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जाऊ लागले. सातवीच्या वर्गाने अशा एका तलावाची पाळ मोजली, पाण्याची खोली घेतली, किती बांध्या भिजतात त्याचा हिशेब केला, तर क्षेत्रफळ आणि घनफळ समजायला वेगळा तास लागणार नाही. गाळ का साचला, बेशरम का माजली, कोणत्या जातीचे मासे नाहीसे झाले, हे ढीवर म्हाताऱ्याला विचारले तर विज्ञानाचा पाठ होईल. तलाव कोणी बांधला, मालक कोण झाला, पाणी आधी कोणाच्या बांधीत जाते आणि शेवटी कोणाच्या, मासेमारीचा हक्क कोणाचा, हे विचारले की इतिहास आणि नागरिकशास्त्र सुरू होते. या शेवटच्या प्रश्नांशी मात्र शाळा येऊन थबकते. पाठ्यपुस्तकात जलचक्राची आकृती असते. गावातील पाण्याच्या वाटणीचा प्रश्न नसतो. तो विचारण्याचे धैर्य शिक्षकाला हवे आणि ते धैर्य दाखवल्याबद्दल त्याची बदली होणार नाही, एवढी हमी शासनाने द्यायला हवी.

हातांनी काम करत शिकण्याची कल्पना या भागाला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये भंडाऱ्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नयी तालीमची रूपरेषा आखली. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. शाळेला जमीन देऊन तिच्या उत्पन्नावर शाळा चालवण्याची ‘विद्यामंदिर’ योजना त्याच प्रांताच्या सरकारने पंडित रविशंकर शुक्ल यांच्या पुढाकाराने हाती घेतली. हे प्रयोग टिकले नाहीत. त्याची कारणे अनेक असतील. आमच्या मते मुख्य कारण हे की श्रमाचे शिक्षण गरिबांच्या मुलांसाठी आणि पुस्तकी शिक्षण सुखवस्तूंच्या मुलांसाठी अशी विभागणी समाजाने मनोमन करून टाकली होती. मोलमजुरी करणाऱ्या बापाला आपल्या मुलाने सूत कातावे असे का वाटेल, जर साहेबाचा मुलगा त्याच वेळी साहेब होण्याचे शिक्षण घेत असेल? कोठारी आयोगाने सुचवलेली शेजारशाळा, म्हणजे परिसरातील गरीब-श्रीमंत, सवर्ण-दलित अशा सर्व मुलांनी एकाच बाकावर बसण्याची शाळा, ही म्हणूनच निव्वळ सोयीची गोष्ट नव्हती. समता हा विषय शिकवण्याची ती एकमेव खात्रीची पद्धत होती. तिला आपण बाजूला सारले आणि आता गावात उरलेली शेवटची शेजारशाळा पट नाही म्हणून मोडायला निघालो आहोत.

पट का घटतो, याचाही विचार करा. ऐपत असलेला माणूस आपले मूल इंग्रजी नावाच्या शाळेच्या गाडीत बसवतो. मागे राहतात ती भूमिहीनांची, ढीवरांची, आदिवासींची, दलितांची मुले. म्हणजे जी शाळा वीस मुलांची आहे तिच्यातली वीसही मुले अशी आहेत की ज्यांना दुसरी शाळा नाही. शिक्षणहक्काच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले. साकोली-लाखनीच्या जंगलकाठच्या वस्तीवरील सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात नाला ओलांडून समूह शाळेत जायला सांगितले, तर रोवणीच्या दिवसांत ती धाकट्या भावंडाला सांभाळत घरीच बसेल. एस.टी.चा पास किंवा गाडीभाडे हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. शाळेची इमारत ही त्या वस्तीत सरकारची, घटनेची असलेली एकमेव खूण असते. ती पुसली की त्या वस्तीने घटनेशी नाते कोठे जोडायचे?

त्या मुलीच्या भाषेचाही प्रश्न आहे. झाडीपट्टीतील मूल शाळेत येते ते झाडीबोली घेऊन. त्याच्या तोंडी पाण्याला ‘पानी’ आणि डोळ्याला ‘डोरा’ असते. पहिल्याच दिवशी हे उच्चार अशुद्ध म्हणून खोडले की मूल एक धडा कायमचा शिकते, तो म्हणजे आपली आई अशुद्ध बोलते. दंडारीसारखी लोककला आणि झाडीपट्टीची गाजती रंगभूमी ज्या बोलीच्या मुलखात जगली, त्या बोलीची लाज बाळगणारे शिक्षण मुलाला प्रमाण मराठीही धड देत नाही. बोलीचा हात धरून प्रमाण भाषेपर्यंत नेणे हे खरे अध्यापन, आणि ते यंत्राच्या पडद्यावरचा पाठ करू शकणार नाही. त्यासाठी मुलाची बोली समजणारा, त्याच्या अंगणात जाऊन बसणारा माणूसच पाहिजे.

येथे आम्हांला शिक्षकबांधवांशीही चार शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. त्यांच्या संघटनांच्या न्याय्य लढ्यांत आम्ही नेहमीच त्यांच्या बाजूने उभे राहिलो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांनी सात दिवस संप केला, तेव्हा म्हातारपणीच्या भाकरीची मागणी करणाऱ्याला ऐतखाऊ म्हणणाऱ्यांत आम्ही नव्हतो. परंतु शाळा मोडण्याचा घाट घातला जातो, तेव्हा तितक्याच त्वेषाने सारे शिक्षक रस्त्यावर येतात काय? ज्या गावाची शाळा त्या गावात न राहता तालुक्याच्या ठिकाणाहून ये-जा करणाऱ्या, आणि स्वतःची मुले खाजगी शाळेत घालून गावकऱ्यांना सरकारी शाळेचे महत्त्व सांगणाऱ्या शिक्षकावर गावाने विश्वास का ठेवावा? गावात राहण्याजोगे घर नाही, ही तक्रार खरी आहे. ते घर बांधून मागण्यासाठी संघटनेने झगडावे. पण गावापासूनचे अंतर केवळ मैलांचे नसते. दलित वस्तीत चहा न पिणारा शिक्षक वर्गात समतेचा कोणता धडा शिकवणार? मुले त्याच्या पाठापेक्षा त्याच्या वागण्याकडे अधिक बारकाईने पाहत असतात.

साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिक्षकाचे काम केले. मग ते स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. शाळा सोडल्यावरही लोक त्यांना गुरुजीच म्हणत राहिले, याचा अर्थ लोकांना कळत होता. वर्गातील शिकवणे आणि मंदिराच्या दारातील उपोषण ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती. प्रत्येक शिक्षकाने उपोषण करावे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु गावात एखाद्या कुटुंबाला एकटे पाडले जात असेल, त्याची वाट अडवली जात असेल, त्याच्या मुलीला हिणवले जात असेल, तर निदान गुरुजींना ते दिसले पाहिजे आणि त्यांनी तोंड उघडले पाहिजे. भूसंपादनाची नोटीस आली तर ती वाचून दाखवणारा, रोजगार हमीचे हजेरीपत्रक तपासून पाहणारा, सातबाऱ्यावर बाईचे नाव का नाही असे विचारणारा माणूस गावात शिक्षकाखेरीज दुसरा कोण असणार? गोसीखुर्दच्या धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले. पवनी-भंडारा भागातील कित्येक गावांना त्यापायी आपली जागा सोडावी लागली. अशा वेळी सरकारी कागदाचा अर्थ कळणे न कळणे यावर घरादाराचे भवितव्य ठरते. साक्षरतेचा उपयोग तो हाच.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. वस्तीवरील एकही शाळा पटाच्या कारणाने बंद होऊ नये. प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन कायम शिक्षक पूर्ण वेतनावर असावेत. कायद्याबाहेरची सर्व कागदी कामे बंद करून त्यांसाठी केंद्राकेंद्रावर लिपिक नेमावा. शिक्षकाला गावात राहण्यासाठी शाळेजवळ घर द्यावे आणि मग तेथे राहणे बंधनकारक करावे. स्थानिक बोली, तलाव, शेती आणि घटनेतील हक्क यांवर आधारलेले पाठ जिल्ह्यातीलच शिक्षकांकडून तयार करून घ्यावेत. आणि सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्या सर्वांनी, मंत्र्यांपासून शिपायापर्यंत, आपली मुले सरकारी शाळांत पाठवावीत. ही शेवटची मागणी ऐकून जे हसतील, त्यांना शाळांची दुरवस्था का संपत नाही, याचे कारण ठाऊक आहे असे समजावे.

गुरुजी कोणाचे, हा प्रश्न अखेर असा सुटायला हवा. ते कचेरीचे नाहीत, संस्थाचालकाचे नाहीत, गावातील बड्या घराचेही नाहीत. रोवणी आटोपून उशिरा वर्गात आलेल्या, मागच्या बाकावर बसलेल्या त्या मुलीचे ते गुरुजी आहेत. ती ताठ मानेने गावातून सायकल चालवत जाईल आणि गावातले कोणीही तिच्या वाटेत आडवे येणार नाही, असे गाव घडवणे हा शिक्षणाचा हेतू आहे. खैरलांजीच्या जिल्ह्यात तरी तो कोणाला समजावून सांगावा लागू नये.